थांबलेला रणगाडा गायब का व्हायचा

पहिल्या दिवशी आमचा रणगाडा दर वेळी बारा सेकंदांनी गायब व्हायचा. चालत असेपर्यंत ठीक, थांबला की गेला. भागीदार कंपनीच्या लॅबमधून फोन यायचा, "मॅडम, गेला परत."

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत रणगाड्याच्या सिम्युलेटरवर, म्हणजे खऱ्या गाडीशिवाय सराव करायच्या यंत्रावर, काम करते. मूळची नगरची. तिथे आर्मर्ड कोअरचं, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलाचं, प्रशिक्षण केंद्र आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. लहानपणी तिथल्या गाड्यांना हात लावून बघितलेला, म्हणून हे काम मी मागून घेतलं. आमचा सिम्युलेटर पुण्यात, त्यांचा दुसऱ्या शहरात, आणि दोन्हीकडचे क्रू एकाच आभासी मैदानावर समोरासमोर आणायचे. जोडणी डीआयएस या स्टँडर्डने, म्हणजे वेगवेगळ्या सिम्युलेटरनी नेटवर्कवर एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या नियमांनी.

याचं मूळ अमेरिकेतल्या सिमनेट या जोडलेल्या सिम्युलेटरच्या प्रकल्पात आहे. डार्पा या तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने ते १९८३ मध्ये सुरू केलं, आणि त्यामागे हवाई दलातले अधिकारी जॅक थॉर्प होते. हुबेहूब पण महागडा एकच सिम्युलेटर बनवण्यापेक्षा गरजेपुरते खरे वाटणारे पुष्कळ सिम्युलेटर जोडावेत, म्हणजे माणसं एकत्र लढायला शिकतील, हा विचार मला आजही फार मोठा वाटतो. त्यातूनच पुढे डीआयएस आलं, १९९३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचं स्टँडर्ड म्हणून.

यात मध्यवर्ती कॉम्प्युटर नसतो. प्रत्येक मशीन स्वतःपुरतं बोलतं: मी अमुक, इथे आहे, या वेगाने या दिशेला चाललोय. बाकीचे त्यावरून मला पुढे सरकवत राहतात. माझी खरी जागा त्यांच्या अंदाजापासून ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, साधारण एक मीटर, की मी नवीन पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा संदेश, पाठवायचं. म्हणून इतकी वाहनं असूनही नेटवर्क तुंबत नाही. पण काहीच बदललं नाही तरी दर पाच सेकंदांनी "मी आहे" असं सांगावंच लागतं. बारा सेकंद आवाज आला नाही, तर समोरचे तुम्हाला मैदानातून काढून टाकतात. आम्ही फक्त बदल झाल्यावर पाठवत होतो. थांबलेल्या गाडीत बदल कुठला? ते एका दुपारीत सुटलं.

खरा त्रास पुढे होता. आमच्या पडद्यावर त्यांचे रणगाडे दिसेनात, आणि त्यांच्या पडद्यावर आमचा रणगाडा हवेत तरंगत होता. जवळपास वीस मजली इमारतीइतका वर. तीन दिवस आम्ही अक्ष तपासले, बाइट्सचा क्रम तपासला, पॅकेट उघडून एकेक आकडा हाताने मोजला. भागीदारांच्या टीमने तर सरळ "तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय" असा मेल टाकला. ते बरोबर होते, पण कुठे चुकतंय ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, आणि तो मेल मला फार लागला.

उत्तर सापडलं ते उंचीत. आमच्या भूभागाच्या डेटातली उंची समुद्रसपाटीपासूनची. डीआयएसमध्ये जागा पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या एक्स, वाय, झेडमध्ये जाते, आणि तो हिशोब करताना उंची डब्ल्यूजीएस-८४ या पृथ्वीच्या ठरलेल्या मॉडेलच्या गणिती लंबगोलापासून धरायची असते. भारतात समुद्रसपाटी या लंबगोलाच्या खाली येते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा फरक शंभर मीटरवर जातो, आणि आम्ही निवडलेल्या नगरकडच्या भूभागात साठ मीटरहून जास्त. ती वजाबाकी आम्ही केलीच नव्हती. त्यांचे रणगाडे गायब नव्हते, आमच्या जमिनीखाली चालत होते.

तेवढ्यावर भागेल असं मला वाटलं. आमच्याकडे सल्लागार म्हणून एक निवृत्त रिसालदार साहेब येतात, साताऱ्याचे. ते गनरच्या जागेवर बसले, गाडी एका उंचवट्यामागे लावली, फक्त टरेट, म्हणजे तोफेचा फिरता भाग, वर राहील अशी. दोन मिनिटांत समोरून गोळा आला. साहेब दुर्बिणीतून डोळा काढून म्हणाले, "ताई, मी लपलोय. त्याला मी दिसलोच कसा?"

त्यांच्या भूभागात तो उंचवटा नव्हताच. त्यांच्या भूभागातली उंचीच्या बिंदूंची जाळी आमच्यापेक्षा विरळ, त्यात तो सपाट होऊन गेलेला. चूक कुणाचीच नाही, पण लढाई खोटी. २६ फेब्रुवारी १९९१ ला, आखाती युद्धात, इराकमध्ये ७३ ईस्टिंग या नकाशावरच्या रेषेपाशी अमेरिकी कॅप्टन मॅकमास्टरची तुकडी नजरेला जेमतेम जाणवणाऱ्या चढावावरून पुढे आली, तेव्हा इराकी रणगाडे अगदी समोर होते. ती लढाई नंतर सैनिकांशी बोलून, नोंदी जुळवून सिम्युलेशनमध्ये पुन्हा उभी केली गेली. त्यातून तो चढाव वगळला असता तर उरलं काय असतं? मी हे उदाहरण दोन्ही टीमच्या बैठकीत मांडलं. शेवटी एकच भूभाग, एकाच डेटातून, दोन्हीकडे नव्याने बनवायचं ठरलं. चार आठवडे गेले. माझ्या मते या कामातले तेच सगळ्यात उपयोगी चार आठवडे.

शेवटच्या चाचणीला साहेबांनी त्याच उंचवट्यामागे गाडी लावली. या वेळी समोरचा पुढे येत राहिला. साहेबांनी गोळा सोडला. आमच्या मशीनने फक्त एवढंच कळवलं की गोळा इथे फुटला. किती नुकसान झालं ते ज्याला लागतो त्याचंच मशीन ठरवतं. आम्ही पडद्याकडे बघत होतो. क्षणभराने त्यांचं पॅकेट आलं: रणगाडा जागेवर बंद, टरेट चालू.

"अजून जिवंत आहे तो," साहेब म्हणाले आणि दुसरा गोळा भरायला सांगितला.