दाराजवळची जागा

शुक्रवार, संध्याकाळ

जूनमध्ये पहिलीच्या एकवीस मुलांबरोबर बसून वर्गाचे नियम ठरवले होते. चपला दाराबाहेर ओळीत. एक बोलत असताना बाकीच्यांनी ऐकायचं. नळावर ढकलाढकली नाही. बऱ्याच जणांना तेव्हा स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाने अंगठा रंगात बुडवून कार्डशीटवर उमटवला. चौथा नियम मात्र माझाच होता: उशिरा येणाऱ्याने दाराजवळ बसायचं. मुलांनी माना डोलावल्या, मी लिहून टाकला.

गेले आठ दिवस दाराजवळ एकच मुलगी बसत होती. आज ती फळ्यावरचं दिसावं म्हणून मान वाकडी करून बघत होती. जवळ जाऊन विचारलं, "रोज उशीर का होतो गं?" ती बोलेना. शेजारची म्हणाली, "बाई, तिची आई पहाटेच कामाला जाते. ही भावाला अंगणवाडीत सोडून येते. तो रडतो, मग गप्प होईस्तोवर ही थांबते."

मला पुढे शिकवणं सुचेना. छडी मी कधी हातात धरली नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे पालकसभेत मीच सांगते. आणि माझ्याच वर्गात सहा वर्षांची पोर आठ दिवस दाराशी बसली, तीही भावाला सांभाळते म्हणून.

मुलांना गोल करून बसवलं. हा नियम बदलायचा का, विचारलं. मला वाटलं, सगळी हो म्हणतील. पण एकजण अडून बसला. "मी पण बसलो होतो एकदा दाराशी. मग तिला का नाही?"

त्याचं चुकत नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा, हे मीच शिकवलेलं. वर्ग गप्प झाला. मी मुद्दाम मध्ये पडले नाही. एवढं थांबायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मग कुणीतरी त्यालाच विचारलं, "तुला का उशीर झालेला?"

"ताप होता. दवाखान्यात गेलेलो."

"मग तुला पण नव्हतं बसवायचं."

तो जरा वेळ जमिनीकडे बघत राहिला आणि सरकून त्याने शेजारी जागा केली. ती तिथे जाऊन बसली.

परिपाठात रोज प्रतिज्ञा म्हणतो, 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन'. सौजन्य म्हणजे काय, हे पहिलीला समजावताना दरवर्षी माझी अडचण होते. आता विचारलं कुणी, तर ही सरकून केलेली जागा दाखवेन.

नवा नियम मुलांच्याच शब्दांत लिहिला: उशीर झाला तर आधी का ते विचारायचं. तो मुलगा म्हणाला, अंगठे परत लावायला पाहिजेत. लावले. माझाही घेतला, जूनमध्ये तो राहून गेला होता.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. अंगणवाडी तेव्हा उघडलेलीही नसते. तिला सांगितलंय, भावाला घेऊनच ये.