पूर ओसरला, पण भावजी ओसरले नाहीत

हे वाक्य माझ्या वहिनीचं. कोल्हापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात, तेलाच्या किटलीला फोन टेकवून, तिनं ते इंग्लंडमधल्या एका मानसोपचारतज्ज्ञाला ऐकवलं. साडेतीन वर्षं जे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, ते त्या सकाळी माझ्या कागदावर लिहिलं गेलं: बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मन कधी फार वर चढतं, कधी फार खाली जातं तो आजार.

सुरुवात ऑगस्ट २०१९ च्या महापुरापासून. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, गावात पेट्रोल नाही, दूध नाही. मी तेव्हा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत होतो. कंपनी बंद, म्हणून पोरांबरोबर बाहेर पडलो. दिवसा बोटीत, रात्री छावणीत खिचडीच्या कढईपाशी. झोप दीड-दोन तास, आणि थकवा शून्य. डोकं असं चालत होतं की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला उत्तर सुचायचं. पोरं पाठीवर थाप मारून म्हणायची, "नाद खुळा!" आमच्याकडं याहून मोठी शाबासकी नाही. शिवाय त्या आठवड्यात सगळं गावच जागं होतं. त्यात एक माणूस जास्त जागा आहे, हे कळणार कसं?

मग पाणी उतरलं. लोकांनी घरातला गाळ काढला, गाद्या उन्हात टाकल्या आणि मेल्यासारखे झोपले. मी नाही झोपलो. पुढच्या महापुराची तयारी आत्ताच करायची म्हणून मी तीन रबरी बोटी मागवल्या, कर्ज काढून. मग नोकरीचा राजीनामा दिला. आण्णांपुढं आवाज चढवायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती; मी भर अंगणात त्यांना "तुम्हाला अक्कल नाही" म्हणालो. गणपती विसर्जनापर्यंत हे असंच चाललं. दसऱ्यानंतर मात्र मी अंथरुणाला जो खिळलो, तो दिवाळीच्या पहिल्या आंघोळीलाही उठलो नाही. आईनं नरसोबाच्या वाडीला नेलं. एका डॉक्टरांनी उदासीच्या गोळ्या दिल्या. त्या मी दोन महिने घेऊन सोडल्या. शेजारचे एक काका दादाला हळूच म्हणाले, "रत्नागिरीला दाखवून आणा एकदा." आमच्याकडं रत्नागिरी म्हणजे आंबा नाहीतर मनोरुग्णालय. दादा आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. बोटींपैकी दोन विकल्या, तिसरी अजून माळ्यावर आहे.

२०२२ मध्ये इकडं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळ नोकरी मिळाली. पहिल्याच हिवाळ्यात, चार वाजता अंधार पडायला लागल्यावर, पुन्हा तेच अंथरूण.

आता इथली पद्धत सांगतो, कारण बरेच जण विचारतात. कोल्हापुरात राजारामपुरीत जसं आपण पाटी वाचून थेट तज्ज्ञाच्या दवाखान्यात शिरतो, तसं सरकारी सेवेत इथं होत नाही. आधी भागातल्या जनरल प्रॅक्टिशनरकडं, म्हणजे जीपीकडं, नाव नोंदवायचं. पुढची चिठ्ठी त्यांनी द्यायची. माझ्या जीपीनं दहा मिनिटांत नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप कशी आहे, भूक कशी आहे. नऊच्या नऊ प्रश्न खाली गेलेल्या माणसाचे. कधी फार वर गेला होतास का, असं त्यात कुठंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. का सांगावं? पुराचे ते दिवस माझ्या हिशेबात आजारपणाचे नव्हतेच. आयुष्यात मी एकदाच कामाला आलो होतो, ते दिवस होते.

उदासीच्या गोळ्या सुरू झाल्या. बायपोलर असलेल्या माणसाला नुसत्या या गोळ्या दिल्या तर त्या कधीकधी त्याला उचलून थेट वर नेऊन ठेवतात. तिसऱ्या आठवड्यात पहाटे तीन वाजता मी स्वयंपाकघरातली सगळी कपाटं रिकामी करून डब्यांवर लेबलं लावत होतो. घरमालकीण जिन्यात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, मी बरा आहे ना. मी तिला वीस मिनिटं पंचगंगेची माहिती दिली. सकाळी तीच मला जीपीकडं घेऊन गेली. गोळ्या बंद झाल्या, तात्पुरती दुसरी सुरू झाली आणि मानसिक आरोग्याच्या पथकाकडं चिठ्ठी गेली. नंबर लागायला अकरा आठवडे. या अकरा आठवड्यांबद्दल मला इथल्या व्यवस्थेचा राग आहे, आणि तो जाणार नाही.

पण भेट मिळाली ती मात्र दीड तासाची. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सगळ्यात कमी झोपून सगळ्यात ताजातवाना तू कधी होतास?" मी पुराचं सांगितलं, अभिमानानंच. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, मला त्या दिवसांत तुला बघणारं कुणीतरी हवंय. वरच्या टोकाला असलेला माणूस स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही.

आई रडेल, दादा सगळं झाकेल. म्हणून वहिनी. इथं दुभाषा मोफत मिळतो, आणि घरच्यांनाच भाषांतर करायला शक्यतो लावत नाहीत. फोनवर आलेल्या दुभाषी बाई पुण्याकडच्या असाव्यात. "नाद खुळा"पाशी त्या थबकल्या, वहिनीलाच म्हणाल्या, "म्हणजे वेडा म्हणत होते का?" वहिनी म्हणाली, "न्हाई ओ, कौतुकानं!" मग वेड आणि कौतुक एकाच शब्दात कसं, यावर तीन बायकांची चर्चा झाली आणि मी मध्ये बसून पाय हलवत होतो. शेवटी वहिनीनं पदरानं हात पुसले आणि सरळच सांगितलं, "डॉक्टर, पूर ओसरला, पण भावजी ओसरले नाहीत. महिनाभर." डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. आठवडाभर किंवा जास्त टिकलेला असा चढ म्हणजे मॅनिया. वहिनीच्या हिशेबात महिना होता.

औषध लिथियम. "बॅटरीतलं?" दादानं विचारलं. हो, मूलद्रव्य तेच, फक्त क्षाराच्या रूपात. मनोविकारावर ते चालतं हे जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९४९ मध्ये मांडलं. औषध जुनं आणि गुणाचं, पण मापाला कडक. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषारी. म्हणून गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं. सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर वर्षभर दर तीन महिन्यांनी. सोबत मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी. माझी पातळी ०.६ ते ०.८ च्या मध्ये ठेवायची आहे. जांभळ्या रंगाची एक पुस्तिका मिळते, तीत हे आकडे चढवायचे. गाडीच्या परवान्याच्या कार्यालयालाही आजार कळवावा लागतो. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड.

खरी परीक्षा सुट्टीला घरी आल्यावर. मीठ अचानक कमी झालं किंवा अंगातलं पाणी आटलं की रक्तातलं लिथियम वाढतं. आणि मी येतो एप्रिल-मेमध्ये. आईनं बोललेला नवस होता, पोरगं बरं झालं की पायी जोतिबाला. तोही कडक उपवासानं. दोन दिवस घरात वाद झाला. शेवटी पहाटे निघायचं, दर तासाला पाणी प्यायचं आणि उपवास आईनं माझ्या वाटचाही करायचा, असं ठरलं. देवाला चाललं असावं. गुडघा दुखला म्हणून दादानं आयब्युप्रोफेन पुढं केली, तीही नाही. तिनंही लिथियम चढतं. गोळ्या इकडून पुरेशा न्यायच्या, कारण ब्रँड बदलला की रक्तात उतरणारं प्रमाण बदलू शकतं. डॉक्टरांचं पत्र सामानात नाही, हातातल्या पिशवीत ठेवायचं.

थेरपी इथं इंग्रजीत मिळत होती, सहा बैठका घेतल्याही. पण आण्णांना जे बोललो ते इंग्रजीत सांगताना मला काहीच वाटेना. दुसऱ्या कुणाची तक्रार वाचून दाखवतोय असं वाटायचं. म्हणून मराठीत बोलणाऱ्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधल्या, आपल्याकडच्याच, ऑनलाइन. शोधताना एकच गोष्ट धरून ठेवली: भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारायचा. तीन जणांनी तो विषय टाळला, त्यांना मी टाळलं. बाईंनी कामाला लावलं ते झोपेपासून. निजायची वेळ ठरलेली, उठायची ठरलेली, रविवारीही. घरी रात्री उशिरा फोन करणं बंद. मग चढ सुरू होण्याआधीच्या खुणांची यादी. माझ्या तीन निघाल्या: पहाटे चारला आपोआप जाग, शाळेतल्या मित्रांना एकामागून एक मेसेज, आणि बोटींच्या किमती बघणं. तिसरी खूण वहिनीनं घातली. यातल्या दोन दिसल्या की माझी परवानगी न विचारता इथल्या पथकाला कळवायचं, हे आम्ही लिहून ठेवलंय.

कोल्हापुरातून जे विचारतात त्यांच्यासाठी: यासाठी इंग्लंड लागत नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री काही सुचेना तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, मोफत, मराठीतही बोलतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखंच संरक्षण मनाच्या आजारालाही द्यायला सांगितलंय; पॉलिसी घेताना तोंडावर विचारा. आणि दवाखान्यात जाताना, ज्यानं तुम्हाला चढलेलं बघितलंय त्याला सोबत न्या.

दादाचा मात्र गोळ्यांवर अजून पुरता विश्वास नाही. "तालमीत चल, घाम काढ," हेच त्याचं औषध. पण गेल्या पावसाळ्यापासून त्यानं एक सुरू केलंय. नदी चढायला लागली की रोज सकाळी मला मेसेज येतो: "पंचगंगा ३६ फूट. तुझं किती?" मी शेवटच्या रिपोर्टचा आकडा पाठवतो, ०.७.

"इशारा पातळीच्या खाली हाय," तो लिहितो. मग पाचेक मिनिटांनी: "मीठ खाल्लंस काय?"