स्ट्राँगरूमचा सीन

बँक लुटता लुटता प्रेमात पडणारे शाखाधिकारी आणि हेड कॅशियर बाई, असा विनोदी सिनेमा. आर्ट डिपार्टमेंटमध्ये प्रॉपर्टी, म्हणजे सीनमध्ये वापरायच्या वस्तू, माझ्याकडे. स्ट्राँगरूमचं शूटिंग आटोपलं, सेटही मोडला, पण त्या दिवशीचा वाद डोक्यातून जात नाही.

पटकथेत चाव्यांची दोन भोकं खोलीच्या दोन टोकांना होती. बँकेत असं नसतं. कॅश दोघांच्या संयुक्त ताब्यात असते, चाव्या वेगवेगळ्या, पण भोकं एकाच दारावर. एकट्याच्या चावीने दार उघडत नाही. म्हणजे दोघांना खांद्याला खांदा लावूनच उभं राहावं लागतं. प्रेमाचा सीन तिथेच आयता लिहिलेला आहे! दिग्दर्शकाला हे पटलं. चावी लावताना नायिकेची बांगडी नायकाच्या घड्याळात अडकली, तोच टेक ठेवला.

नोटांचं काम जास्त किचकट. खऱ्यासारखी दिसणारी नोट छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे. म्हणून ‘मनोरंजन बँके’च्या नोटा: गड्डीत वर-खाली छापील, मध्ये १५० बाय ६६ मिलिमीटरचा कोरा कागद. गड्डीला स्टेपल मारायची नाही. रिझर्व्ह बँकेने २००१ सालीच ती बंद करायला लावली. कागदी पट्टी, तिच्यावर शिक्का, तारीख, सही. क्लोजअपमध्ये अंगठ्याने फर्रकन सोडायच्या गड्ड्या मात्र आतपर्यंत छापील लागतात, नाहीतर पांढरा कागद दिसतो. त्या वेगळ्या खोक्यात ठेवा, असं कितीही सांगितलं तरी असिस्टंट मंडळी सगळ्या एकत्र टाकतात.

वाद झाला वजनावरून. ५ कोटी रुपये, ५०० च्या नोटांत: एक लाख नोटा, म्हणजे हजार गड्ड्या. नोट ग्रॅमभराची धरली तरी शंभर किलो. म्हणून तीन बॅगांत वाळू भरून दिली. नायकाला एक बॅग धड उचलवेना. नायिकेने दुसरा बंद धरला आणि दोघं खेकड्यासारखी तिरकी चालत दारात अडकली. लाइटवाल्यांनी तोंडावर हात धरले. विनोदही तिथे होता आणि प्रेमही.

“हिरो दुबळा दिसतो,” दिग्दर्शक म्हणाले. वाळू काढली, थर्मोकोल भरला, आणि एडिटमध्ये तोच टेक राहिला. तिन्ही बॅगा खांद्यावर टाकून नायक पळतो आणि त्या पाठीवर उसळतात. शंभर किलो नोटा उसळत नाहीत. रोज कॅश हाताळणारा माणूस हे पहिल्या पावलालाच ओळखेल.