आमची वाटचाल : टाकी उपसण्यापासून टाकी बंद करण्यापर्यंत

आमच्या धंद्याची सुरुवात एका जुन्या व्हॅक्यूम टँकरने झाली. वडिलांनी तो वापरलेलाच घेतला होता. मी, धाकटा भाऊ आणि एक ड्रायव्हर, एवढीच माणसं. घरोघरच्या सेप्टिक टाक्या उपसायच्या, मैला प्रक्रिया केंद्रावर नेऊन रिकामा करायचा, की पुढचं घर. उपसलेल्या टाकीचं पुढे काय होतं याचा विचार करायची वेळच येत नसे. तीन-चार वर्षांत गाळ साचला की त्याच घरचा फोन पुन्हा यायचा.

मग आमच्या भागात भुयारी गटाराची लाइन आली. घरं एकेक करून तिला जोडली गेली आणि उपसायचे फोन कमी झाले. त्यांच्या जागी दुसरेच फोन यायला लागले. ‘टाकी आता वापरात नाही, तिचं काय करायचं?’ आम्ही म्हणायचो, बुजवून देतो. त्या वेळी आम्हाला ते सोपं काम वाटत होतं.

पहिल्याच वर्षी केलेलं एक काम मी आजही नव्या मुलांना सांगतो. अंगणातली विटांची टाकी होती. आम्ही ती उपसली आणि मिळेल तो राडारोडा आत ढकलला : विटांचे तुकडे, प्लास्टरचे खपले, जुन्या चौकटीची लाकडं, छाटलेल्या फांद्यासुद्धा. जुना स्लॅब तसाच ठेवून वर फरशी बसवून दिली. दोन पावसाळे गेले आणि त्या घरातून फोन आला. आजी रोज जिथे खुर्ची टाकून बसायच्या, तिथली फरशी खचून खुर्चीचा मागचा पाय आत गेला होता. बाजूला मुलगा उभा होता म्हणून आजी सावरल्या. आम्ही जाऊन फोडून पाहिलं. लाकूड कुजलं होतं, राडारोडा खाली बसला होता आणि स्लॅबखाली हातभर पोकळी तयार झाली होती. तळाला आम्ही भोकं पाडलीच नव्हती, त्यामुळे पावसाचं झिरपलेलं पाणी पिंपात साठावं तसं आत साठून काळं पडलं होतं. वासही तोच, जुना. ते काम आम्ही पदरमोड करून पहिल्यापासून केलं आणि त्याआधी बुजवलेल्या सगळ्या टाक्यांच्या मालकांना फोन करून परत बघायला गेलो. त्यातल्या आणखी दोन उकराव्या लागल्या.

त्या उकरण्यात स्लॅबचं दुखणं लक्षात आलं. वरून बघितलं तर स्लॅब ठणठणीत. मशीनने उचलून उलटा केला, तर खालच्या बाजूचं काँक्रीट नखाने खरवडलं तरी भुकटी होऊन सुटत होतं आणि सळई असायला हवी तिथे फक्त गंजाची तांबडी रेघ उरली होती. याचं कारण नंतर एका अभियंत्याने समजावलं. टाकीतल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. पाण्याच्या पातळीच्या वर, ओलसर छतावर राहणारे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. ते आम्ल वर्षानुवर्षं काँक्रीट खात राहतं, आणि खातं ते फक्त आतून. वर गवत असतं, मुलं खेळतात, कोणी गाडी लावतं, आणि कोणालाच काही दिसत नाही. म्हणून जुन्या टाकीच्या झाकणावर आम्ही कोणाला उभं राहू देत नाही. टाकी शोधायची असेल तर आधी तिच्या हद्दीबाहेर उभं राहून लांब सळईने जमीन चाचपतो, मग दोरी बांधून जागा वेगळी करतो.

दुसरा प्रसंग मात्र आमच्याच जिवावर बेतला होता. टाकी उपसून रिकामी झाली होती आणि होजच्या जोडावरचा पाना हातातून निसटून आत पडला. आमचा एक जुना मुलगा तोंडाशी बसला, एक पाय आत सोडून वाकला. वास येत नव्हता, टाकी रिकामी, तळ दिसतोय, मग भीती कसली? भावाने त्याला कॉलर धरून मागे ओढला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. दहा मिनिटं तो जमिनीवर पडून होता. नुसता वाकला होता तो, उतरलाही नव्हता.

वास येत नाही म्हणून हवा चांगली, हा समज माणसं मारतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो खरा, पण हवेत त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. १,००० पीपीएमच्या जवळ एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. मैल्यातूनच निघणारा दुसरा वायू, मिथेन, हलका, पण हवेत ५ ते १५ टक्के झाला की एका ठिणगीवर पेट घेतो. आणि यातलं काहीच नसलं तरी बंद टाकीत ऑक्सिजन कमी असू शकतो. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरायची. एक पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं की अशा बंदिस्त जागांमधल्या मृतांत ६० टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेले असतात. हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो.

त्या प्रसंगानंतर गॅस डिटेक्टर घेतला. टँकरच्या हप्त्याखालोखाल तो आमचा सर्वांत मोठा खर्च होता आणि वडील सुरुवातीला नाराज होते. महिन्याभरात त्यांनीच त्याच्यासाठी डबा बनवून घेतला. आता झाकण सरकवल्याबरोबर नळी आत सोडून आधी ऑक्सिजन बघायचा, मग पेट घेणारा वायू, मग विषारी. नियम मात्र याहून साधा आहे : डिटेक्टर काहीही सांगो, आमचा माणूस टाकीत उतरत नाही. पाना पडला तर तो पुरला जातो. सगळं काम वरून, बाहेरून होईल अशीच आमची पद्धत बसवली आहे.

कामाची खरी सुरुवात घराच्या आत होते, हे आम्ही एका घरात शिकलो. मालक ठामपणे म्हणाले, सगळं नव्या लाइनला जोडलंय. तरी भावाने मागच्या धुण्याच्या जागेत हिरवा रंग कालवून पाणी ओतलं आणि आम्ही टाकीच्या तोंडाशी टॉर्च धरून थांबलो. दहा-बारा मिनिटांनी येणाऱ्या पाइपातून बारीक हिरवी धार लागली. मालकांचा चेहराच उतरला. तसंच बुजवलं असतं तर ते पाणी जमिनीखाली साठून एक दिवस घरातच उलटं आलं असतं. तेव्हापासून प्रत्येक बेसिन, प्रत्येक संडास, प्रत्येक बाहेरचा नळ आम्ही रंग टाकून तपासतो. टाकीत पंप किंवा ब्लोअर असेल तर त्याची वीज मीटरपाशी तोडून घेतो.

उपसणी तर आमची जुनी विद्या. पण वर्षानुवर्षं पडून असलेल्या टाकीचा गाळ ओल्या चिकणमातीसारखा घट्ट झालेला असतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सोडवावा लागतो. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून त्या वेळी सगळे वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि सिगारेट, काडी, ग्राइंडर काही नाही. वरचा तवंग आणि तळाचा गाळ, दोन्ही निघाले पाहिजेत. नुसतं मधलं पाणी ओढून ‘टाकी रिकामी’ म्हणणारे लोक आहेत. ती अर्धी टाकी आत तशीच राहते. उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रावरच जातो आणि त्याची पावती आम्ही मालकाला देतो.

भूजल वर असलेल्या ठिकाणी आणखी एक जपावं लागतं. रिकामी टाकी होडीसारखी तरंगू पाहते. ५ घनमीटर आकाराच्या टाकीला चहूबाजूंनी पाणी असेल तर ते तिला ५ टनांच्या जोराने वर ढकलतं. प्लास्टिकची टाकी स्वतः काहीशे किलोंचीच, त्यामुळे वरची माती फाडून ती बाहेर आलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. अशा जागी उपसणी आणि भराव एकाच दिवशी, किंवा काम चक्क पुढे ढकलायचं.

उपसल्यावर विरवलेला चुना शिंपडतो. जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, ती धुऊन जात नाहीत. कळीचा चुना ओल्यावर ओतला तर उकळतो आणि डोळ्यांत उडतो, म्हणून तो आम्ही वापरतच नाही. मग घराकडून येणारा पाइप आणि शोषखड्ड्याकडे जाणारा पाइप, दोन्ही कापून तोंडं सिमेंटने बंद. हे राहून गेलं तर उंदरांना घराखाली शिरायला आयता बोगदा मिळतो. यानंतर स्लॅब पूर्ण काढायचा, भिंती जमिनीखाली हात-दीड हात खोलीपर्यंत तोडायच्या आणि मशीनच्या ब्रेकरने तळाला मोठी भोकं पाडायची, म्हणजे पाणी साठणार नाही.

भराव वाळूचा, बारीक खडीचा किंवा चांगल्या मुरमाचा. लाकूड, प्लास्टिक, झाडपाला यातलं काही नाही. एका वेळी वीतभर थर टाकायचा, मशीनच्या हाताला लावलेल्या धुम्मसाने ठोकायचा, मगच पुढचा थर. कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं इथेच घाई होते. ३ घनमीटरच्या टाकीला ३ घनमीटर वाळू कधीच पुरत नाही, ठोकल्यावर ती बसते, म्हणून मागवतानाच जास्त मागवतो. मशीन पोचत नाही अशा अरुंद जागी पातळ, कमी ताकदीचं सिमेंट-वाळूचं मिश्रण ओततो. ते कोपऱ्याकोपऱ्यात आपोआप जातं. शेवटी हातभर माती, थोडा उंचवटा ठेवून, कारण ती बसणारच.

शोषखड्ड्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. माझ्या मते तो टाकीपेक्षा वाईट. त्याच्या भिंती पाणी झिरपावं म्हणून सांधे न भरता रचलेल्या असतात, काठावर वजन आलं की त्या आतल्या आत ढासळतात. त्यालाही तेच सगळं करायचं.

बुजवलेल्या जागेवर खोली बांधायची आहे, असं कोणी सांगितलं तर आम्ही थांबवतो. तिथे टाकी अख्खी काढून अभियंत्याच्या सल्ल्याने जमीन नव्याने तयार करावी लागते. यावरून दोन कामं हातची गेली आहेत आणि ती गेली याचं मला दुःख नाही.

आज आमच्याकडे दोन टँकर आहेत, एक छोटं खोदाई मशीन आहे आणि आठ माणसं. पण मला सर्वांत अभिमान वाटतो तो भावाच्या वहीचा. आजींच्या खुर्चीच्या प्रसंगानंतर त्याने ती सुरू केली. घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टाकीच्या मध्यापर्यंत टेपने मोजायचं, आकडे लिहायचे, खोली लिहायची, काय भरलं ते लिहायचं, माती टाकण्याआधीचे फोटो चिकटवायचे. एक प्रत मालकाच्या घराच्या कागदपत्रांत, एक स्थानिक कार्यालयाला परवानगीसोबत, एक आमच्याकडे.

मागच्या वर्षी एका बाईंचा फोन आला. त्यांनी नुकतंच घर विकत घेतलं होतं, जुन्या मालकाच्या फायलीत आमचा कागद सापडला होता आणि त्यांना अंगणात पाण्याची नवी टाकी पुरायची होती. भाऊ वही घेऊन गेला. एका कोपऱ्यापासून ४.२ मीटर, दुसऱ्यापासून ६.७. दोन टेप ताणून जिथे मिळाल्या तिथे त्याने खुंटी ठोकली. त्यांच्या गवंड्याने आखलेली चुन्याची रेघ बरोबर तिच्यावरून जात होती. बाईंनी रेघ पुसायला सांगितली आणि नवी टाकी तीन मीटर बाजूला घेतली.