कापसाचा बोळा पिवळा झाला

लॉस एंजेलिसच्या आमच्या कार्यशाळेत जुन्या चामड्याच्या वस्तू दुरुस्तीला येतात. त्या दिवशी पाम स्प्रिंग्जहून खोलीत आडोशाला उभा करायचा एक घडीचा पडदा आला. चार झडपा, प्रत्येक माझ्यापेक्षा हातभर उंच, कडेने पितळी खिळ्यांची रांग आणि चामड्यावर सोनेरी फुलापानांचं उठावाचं काम. मालकीणबाईंच्या आईवडिलांनी १९५०च्या दशकात तो दिवाणखान्यासाठी घेतला होता. हॉलिवूडी थाटाने घर सजवायचे ते दिवस. मूकपटांतला नट विल्यम हेन्स अभिनय सोडून गृहसजावटीत शिरला, जोन क्रॉफर्डसारख्या तारकांची घरं सजवू लागला आणि जुन्या शोभिवंत वस्तू नव्या बैठ्या कोचांशेजारी दिमाखात उभ्या राहू लागल्या.

बाईंची मागणी एकच होती. "पार्ट्यांमधल्या सिगारेटच्या धुराने काळवंडलाय. सोनं पुन्हा झळकू दे."

मऊ ब्रशने धूळ काढली. मग खालच्या कोपऱ्यात, खिळ्याच्या आडोशाला, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर द्रावणात भिजवून पिळलेला बोळा फिरवला. बोळा पिवळा झाला. तंबाखूच्या धुराचा थर असाच पिवळा सुटतो, म्हणून हायसं वाटलं. दुसराही पिवळाच. सवयीने भिंग लावलं आणि हात जागच्या जागी थांबला. खाली सोनं नव्हतंच. पांढरी चांदी चमकत होती.

युरोपात एके काळी शेकडो वर्षं असं चामडं बनत असे. वासराच्या किंवा मेंढीच्या कातड्यावर चांदीचा वर्ख चिकटवायचा, आपल्याकडे काजूकतलीवर लावतात तसाच, आणि वर पिवळं रोगण चढवायचं. सोनं दिसतं ते त्या रोगणामुळे. मी तेच पुसत होते! अजून पाच मिनिटं गेली असती तर एक अख्खं पान चांदीचं झालं असतं, आणि उघडी पडलेली चांदी पुढे काळी पडते ती वेगळीच.

दिवे मालवून अतिनील टॉर्च मारला. रोगण हिरवट उजळलं. वरच्या एका फुलावर मात्र हातभर काळोख. आमच्या आधी कोणीतरी तिथे मन लावून 'सफाई' केली होती. मला फार वाईट वाटलं. मागचं अस्तर उसवल्यावर आणखी एक गोष्ट कळली. चामड्याच्या कडांना जुनी भोकं होती आणि आताच्या एकाही खिळ्याशी ती जुळत नव्हती. म्हणजे हे चामडं पडद्याहून जुनं, आधी दुसरीकडे कुठेतरी ठोकलेलं, बहुधा एखाद्या भिंतीवर.

बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आईला तो असाच आवडायचा. राहू दे."

आम्ही खिळ्यांजवळचं फाटलेलं चामडं मागून आधार देऊन सांधलं, बाकी फक्त कोरडी सफाई केली. माझा तो तांदळाचा दाणा रंगीत रोगणाने झाकला. नोंदवहीत त्याची जागा लिहून ठेवली आहे: डावीकडची झडप, खालून तिसरा खिळा.