पंधरा तासांचे वेळापत्रक

गेल्या आठवड्यात सुट्टीसाठी परळच्या घरी आले, तेव्हा शेजारच्या काकू त्यांच्या मुलीला घेऊन भेटायला आल्या. ती ऑगस्टमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अमेरिकेला निघाली आहे आणि तिला तिथल्या विषयांची नोंदणी जुलैमध्ये इथूनच करायची आहे. वहीच्या पानावर पट्टीने सोमवार ते शुक्रवारचे रकाने आखून तिने सहा विषय बसवले होते. सगळे मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी आठपासून पावणेपाचपर्यंत, आणि दोन तासिकांमध्ये फक्त पंधरा मिनिटे. उरलेले तीन दिवस कोरे होते. काकूंनी काळजीने विचारले, "दोनच दिवस कॉलेज? मग बाकीचे दिवस ही करणार काय?"

तीन वर्षांपूर्वी मी अमेरिकेला शिकायला निघाले तेव्हा माझ्या आईनेही हेच विचारले होते आणि मलाही त्याचे उत्तर ठाऊक नव्हते. मुंबईत आपण कॉलेजात प्रवेश घेतो, शाखा निवडतो आणि वेळापत्रक सूचनाफलकावर लागते. ते उतरवून घेणे एवढेच आपले काम असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर इथेही मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), क्रेडिट (विषयाचा भार मोजण्याचे एकक) हे शब्द रुळू लागले आहेत, पण कोणत्या वारी किती वाजता कोणत्या वर्गात बसायचे हे आपले आपण ठरवण्याची सवय आपल्याला अजून नाही. तिकडे तेच पहिले काम असते.

तीन क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला साधारण तीन तासिका: सोमवार, बुधवार, शुक्रवार पन्नास-पन्नास मिनिटे, किंवा मंगळवार आणि गुरुवार पंचाहत्तर-पंचाहत्तर मिनिटे. पाच विषय घेतले की पंधरा क्रेडिट होतात. दिवसाला पाच-सहा तास वर्गात बसलेल्या आपल्या मुलांना हे वेळापत्रक रिकामे वाटते, आणि खरी फसगत इथेच होते. वर्गातल्या प्रत्येक तासामागे बाहेर किमान दोन तास अभ्यास व्हावा, असे तिथल्या क्रेडिटच्या व्याख्येतच धरलेले आहे. म्हणजे पंधरा क्रेडिट हा आठवड्याला पंचेचाळीस तासांचा अभ्यास झाला. वाचून न गेल्यास चर्चेत तोंड उघडता येत नाही, आणि दर आठवड्याचे गृहपाठ, छोट्या चाचण्या, निबंध यांचे गुण अंतिम निकालात धरले जातात. शेवटच्या महिन्यात रात्री जागून सगळे भरून काढण्याची आपली पद्धत तिथे उपयोगी पडत नाही.

मी पहिल्या सत्रात अठरा क्रेडिट घेतले होते. माझ्या विद्यापीठात बारा ते अठरा क्रेडिटपर्यंत शुल्क एकच आहे. बाबांनी काढलेल्या शैक्षणिक कर्जाचा आकडा डोळ्यांसमोर असल्यामुळे, त्याच पैशांत एक विषय जास्त मिळतो तर तो का सोडावा, असे मला मनापासून वाटले. सहाव्या आठवड्यात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे अहवाल आणि इतिहासाचे वाचन दोन्ही मागे पडले. विषय बिनबोभाट बदलण्याची किंवा सोडण्याची मुदत सत्राच्या सुरुवातीलाच संपलेली होती. इतिहास सोडावा लागला आणि गुणपत्रिकेवर त्या विषयापुढे 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, आला. त्याचा सरासरीवर परिणाम होत नाही हे खरे, पण मला आवडणारा विषय मीच ओढवून घेतलेल्या ओझ्यापायी सुटला, याचे वाईट अजूनही वाटते.

म्हणून मी तिला पंधरा क्रेडिट सुचवले. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक नियमित सत्रात किमान बारा क्रेडिट घ्यावेच लागतात आणि त्यांत ऑनलाइन विषय एकच धरला जातो. पंधरा घेतलेले असले तर एक विषय झेपला नाही तरी बारा उरतात. बारावरच सुरुवात केली तर तेवढीही मोकळीक राहत नाही, कारण आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची आधी परवानगी न घेता बाराच्या खाली गेल्यास व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. शिवाय पदवीला बहुतेक ठिकाणी एकशे वीस क्रेडिट लागतात, आणि आठ सत्रांत दर वेळी पंधरा घेतले की तो हिशेब बरोबर जुळतो.

मग आम्ही नवे पान घेतले. सर्वांत अवघड विषय आधी बसवला. तिच्यासाठी तो कॅल्क्युलस आहे, कारण पुढच्या दोन सत्रांतले विषय त्याशिवाय घेताच येत नाहीत. त्या तासिकेनंतरचा तास मुद्दाम मोकळा ठेवला, म्हणजे वर्गात अडलेले लगेच सोडवून पाहता येईल. दुपारच्या जेवणाचा तास पेनाने भरून टाकला. दोन इमारतींमधले अंतर विद्यापीठाच्या नकाशावर मोजले, कारण दहा मिनिटांत पाठीवर दप्तर घेऊन बर्फातून कुठपर्यंत पोहोचता येते याचा अंदाज मुंबईत बसून येत नाही. वेळापत्रकातले 'आर' हे अक्षर गुरुवारचे असते, हेही तिला सांगितले, कारण 'टी' मंगळवारला दिलेला असतो.

एक गोष्ट मी तिला तेव्हाच करायला लावली. तिच्या खात्यावर नोंदणी अडवणारी खूण, म्हणजे 'होल्ड', आहे का ते पाहायला सांगितले. माझ्या वेळी गोवरच्या लशीच्या दोन मात्रांचा दाखला पोहोचला नव्हता. नोंदणीच्या संध्याकाळी ते लक्षात आले. आईने कपाटातून घडीवर फाटत आलेले लसीकरणाचे कार्ड काढले, डॉक्टरांकडून दाखला घेतला, आणि खूण निघेपर्यंत दोन दिवस गेले. तोवर मला हव्या असलेल्या वेळेच्या सगळ्या जागा भरल्या होत्या.

तिच्या खात्यावरही तीच खूण दिसली. काकू लगेच उठल्या आणि कार्ड शोधायला घरी गेल्या. तिची नोंदणी तिथल्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला उघडणार आहे. प्रत्येक विषयासमोर तिने पसंतीच्या वर्गाचा क्रमांक लिहिला आणि ती जागा भरली असल्यास पर्याय म्हणून त्याखाली आणखी दोन लिहिले. बुधवारची दुपार मात्र तिने कोरी ठेवली आणि त्या चौकोनात बारीक अक्षरात 'वाचन' असे लिहिले.