आमची वाटचाल : गिरणीच्या वायरमनपासून स्लिप रिंगच्या बसवणीपर्यंत

शेडवर येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मालक, स्लिप रिंग तुम्ही स्वतः बनवता का?" काही बनवतो, काही बाहेरून मागवतो. पण आमचं पोट चालतं ते बसवणीवर. फिरणाऱ्या यंत्राला वीज द्यायची तर सरळ वायर जोडून चालत नाही, दोन-चार फेऱ्यांत पीळ पडून तुटते. म्हणून शाफ्टवर धातूची गोल कडी, कडीला टेकलेला कार्बन ब्रश आणि त्या टेकण्यातून जाणारा करंट. तत्त्व एवढंच. ते टेकणं धुळीत, उन्हात, हादऱ्यांत वर्षानुवर्षं तसंच राहायला हवं, आणि त्यासाठीची खटपट हा आमचा धंदा.

सुरुवात दादांची, म्हणजे आमच्या वडिलांची. ते गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात वायरमन होते. नव्वदच्या दशकात गिरण्यांची अखेरची घरघर लागली, तेव्हा देण्यांची वाट बघत बसण्यापेक्षा त्यांनी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुसऱ्याच्या शेडचा एक कोपरा भाड्याने घेतला आणि मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत तारेची नवी गुंडाळी भरणं, सुरू केलं. आजूबाजूला चादर-टॉवेलचे पॉवरलूम, त्यांच्या छोट्या मोटरी रोज जळायच्या. काम भरपूर आणि उधारीही भरपूर. सोबतीला शहराच्या पूर्व भागातले एक फिटर मामा आले. मातृभाषा तेलुगू, हिशेब मराठीत आणि शिव्या कन्नडमध्ये. बेअरिंग गेलंय की शाफ्ट वाकलाय हे ते स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून सांगायचे. त्यांचा कान अजूनही आमच्या व्हायब्रेशन मीटरशी पैज लावतो.

स्लिप रिंगशी आमची गाठ साखर कारखान्यांनी घालून दिली. सोलापूर जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही. गव्हाणीतून ऊस पुढे गेला की तो कटर आणि उसाचा चोथा करणाऱ्या फायब्रायझरखाली जातो. तिथल्या मोठ्या मोटरी बऱ्याच ठिकाणी स्लिप रिंगच्या असायच्या, काही ठिकाणी अजून आहेत. सुरू होताना रोटरच्या, म्हणजे मोटरीच्या फिरणाऱ्या भागाच्या, सर्किटमध्ये बाहेरून रेझिस्टन्स घालायचा, करंट आटोक्यात ठेवून जोर जास्त घ्यायचा आणि वेग आला की रेझिस्टन्स कापत न्यायचा. त्यासाठी रोटरच्या तीन टोकांना तीन रिंगा. हंगाम संपला की मोटरी ट्रकमधून आमच्याकडे यायच्या. वाइंडिंग बहुतेक वेळा धडधाकट असायचं. रोग रिंगांत सापडायचा : चरे पडलेल्या, एका बाजूने झिजलेल्या, दोन रिंगांच्या मधल्या इन्सुलेशनवर कार्बनची काळी भुकटी साचून ठिणगी चाललेली.

रिंग नवी टाकणं तसं अवघड नाही. शाफ्टवर इन्सुलेशनची बाही, रिंग तापवून फुगवायची, बाहीवर सरकवायची, निवली की घट्ट बसते. बहुतेक दुकानं इथेच थांबून बिल करतात. दादांनी पहिल्यापासून एक नियम ठेवला : रिंग बसल्यावर रोटर स्वतःच्या बेअरिंगवरच फिरवून तिला शेवटचा कट मारायचा. लेथच्या चकमध्ये, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यात, धरून कितीही गोल केली तरी ती चकच्या केंद्राशी गोल होते, आणि मोटर काही चकमध्ये चालत नाही. त्यानंतर डायल गेज, म्हणजे रिंग फिरताना किती डगमगते ते काट्यावर दाखवणारं माप. काटा पाच शतांश मिलिमीटरच्या आत नाचला तर पास. जास्त नाचला तर ब्रश होल्डरमध्ये वरखाली उड्या मारतो, प्रत्येक उडीला ठिणगी पडते आणि ठिणगीने रिंग आणखी खडबडीत होते. होल्डरची कड रिंगपासून दोन-तीन मिलिमीटर वर हवी, स्प्रिंगचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि तीनही रिंगांवर सारखा. दाब तपासायला आमच्याकडे अजून साधा स्प्रिंगकाटा आहे. ब्रशखाली कागदाचा तुकडा सरकवून काटा ओढायचा, कागद सुटला की आकडा वाचायचा.

ब्रशचं तोंड रिंगच्या गोलाईला मिळवून घेण्यासाठी रिंगभोवती सँड पेपर गुंडाळतात, खरखरीत बाजू ब्रशकडे. इथे एमरी पेपर वापरू नका, एवढं सांगून आमचा घसा बसला. एमरीचे कठीण कण ब्रशच्या तोंडात रुततात आणि रिंग ओरबाडत राहतात. दुसरी खोड म्हणजे चांगली चाललेली रिंग घासून लख्ख करायची. चालत्या रिंगवर चकचकीत तपकिरी थर येतो, तो मळ नाही. त्याच थरावर ब्रश कमी झिजून चालतो. साहेब येणार म्हणून रिंगा भांड्यांसारख्या घासून ठेवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत, आणि पुढच्या आठवड्यात ब्रशची ऑर्डरही घेतली आहे.

मग व्हीएफडी आले, म्हणजे मोटरीचा वेग विजेनेच कमीजास्त करणारे ड्राइव्ह. साध्या, बिनरिंगांच्या स्क्विरल केज मोटरला ड्राइव्ह लावला की रिंगा, ब्रश, रेझिस्टन्स, सगळंच निघून जातं. कारखान्यांनी हळूहळू बदल केला, आमच्या शेडमधल्या मोठ्या मोटरी कमी झाल्या. त्याच काळात एका कारखान्याने पैसे थकवले. साखरेचा भाव चढेपर्यंत थांबा म्हणाले, आम्ही थांबलो, भाव थांबला नाही, पडला. पैसे पुढच्या हंगामात हप्त्याहप्त्याने आले. रिवाइंडिंग एके रिवाइंडिंग करून भागणार नाही हे तेव्हाच कळलं होतं.

वाट सापडली ती सिमेंटमधून. होटगीच्या बाजूला सिमेंटचे कारखाने आहेत आणि पोती भरायला रोटरी पॅकर असतो. यंत्र गोल फिरत राहतं, त्याच्या प्रत्येक नळीवर एकेक पोतं भरून पन्नास किलोला सुटतं. फिरणाऱ्या भागात मोटरी, व्हॉल्व्ह, वजनाचे लोड सेल आणि त्यांचे कंट्रोलर. या सगळ्यांची वीज आणि सिग्नल मधल्या एका स्लिप रिंगमधून जातात. एका ठिकाणच्या पॅकरवर संपर्क अधूनमधून तुटायचा आणि पोतं अर्धवट सुटायचं. त्यांनी कार्ड बदललं, केबल बदलली, शेवटी नवी कोरी रिंगही टाकली. काही महिन्यांत पुन्हा तेच.

माझी धाकटी बहीण इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमा, सिग्नलची कामं तीच बघते. तिने आधी कुठल्याच पॅनेलला हात लावला नाही. खडू मागितला. पॅकरच्या फिरत्या कडेवर एक खूण, स्थिर चौकटीवर एक खूण, आणि संपर्क तुटला की दोन्ही खुणा कुठे आहेत ते बघत उभी राहिली. प्रत्येक वेळी तुटत होता तो एकाच कोनात, तेही सगळ्या नळ्यांचा एकदम. मग दोष नळीवरच्या कार्डात असणं शक्यच नव्हतं. वर चढून पाहिलं तर रिंगचा बाहेरचा, न फिरणारा भाग अँगलला चार बोल्टांनी आवळून टाकलेला. आतला भाग पॅकरच्या मधल्या पाइपाबरोबर फिरणार, पाइप थोडा तरी डुलणार, आणि बाहेरचा भाग हलायला तयार नाही. ती ओढाताण रिंगच्या आतल्या बारीक बेअरिंगवर पडत होती. बेअरिंग ढिलं झालं की त्या एका कोनात ब्रश उचलला जायचा.

बसवणीतली ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि ती करणारे बहुधा मनापासून, घट्ट काम करणारे फिटर असतात. तयार कॅप्सूल रिंगचा (कड्या, ब्रश, बेअरिंग सगळं एकाच डबीत) एक भाग यंत्राला पक्का करायचा, दुसरा फक्त फिरू द्यायचा नाही. बाकी त्याला मोकळं सोडायचं. बैल दावणीला बांधतो पण मान हलवण्यापुरता दोर ढिला ठेवतो, तसंच. आम्ही अँगल काढून तिथे खाच असलेली पट्टी आणि खाचेत थोडा खेळ असलेली पिन लावली. वायर बाहेर निघते तिथेच वळवलेली होती, तिला ढील देऊन क्लॅम्प पुढे नेला. सिग्नलच्या कड्या पॉवरच्या कड्यांपासून लांबच्या टोकाला घेतल्या आणि सिग्नलच्या वायरवरच्या शील्डसाठी, म्हणजे बाहेरची विजेची गडबड अडवणाऱ्या वेष्टणासाठी, वेगळी कडी ठेवली. सिमेंटची भुकटी आत शिरू नये म्हणून झाकणात कोरड्या स्वच्छ हवेची बारीक नळी दिली, आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरा जास्त राहिला की धूळ उलटी फिरते. बेअरिंग गेलेली रिंग अर्थातच बदलावी लागली, पण तिच्यानंतरची अजून चालू आहे.

या कामानंतर आम्ही धंद्याचं गणित बदललं. शाफ्ट स्वतः पाहिल्याशिवाय रिंगचा दर सांगायचा नाही. याने गिऱ्हाइकं गेली, खोटं कशाला बोला. बाहेरून आलेली कॅप्सूल रिंग कुरिअरने दारात मिळते आणि आमच्या बसवणीच्या बिलापेक्षा ती कधी कधी स्वस्त पडते. ज्यांचं यंत्र थांबलं तर फारसं बिघडत नाही त्यांनी तीच घ्यावी, आम्ही तसं सांगतोही.

सध्या सगळ्यात जास्त डोकं खातात ती सांडपाण्याची क्लॅरिफायर. डाईंगचं किंवा कारखान्याचं पाणी गोल टाकीत निवळतं, वरून एक पूल चाकांवर टाकीच्या कडेने फिरतो, त्याची मोटर पुलावरच असते. वीज जमिनीखालच्या पाइपातून टाकीच्या मधल्या खांबात येते आणि वर रिंगमधून पुलाला मिळते. वेग इतका कमी की नजरेला फिरल्यासारखं वाटत नाही. म्हणून लोकांना वाटतं की इथे काय झिजणार. झीज नसतेच, पण वेग नसल्याने रिंग पुसलीही जात नाही. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू येतो, तांब्या-चांदीवर काळा थर चढतो आणि ब्रश त्या थरावरच टेकून राहतो. त्यात खालच्या पाइपातून दमट हवा चिमणीसारखी वर येते. आम्ही आधी पाइपाचं तोंड सीलबंद करतो, मग डब्याला तळाशी पाणी निघायला भोक आणि आत छोटा हीटर, आणि त्यानंतर रिंगकडे वळतो. पाइप बंद न करता रिंग बदलायला कोणी सांगितलं तर आम्ही ते काम घेत नाही. मामा तर जिना चढायलाच नकार देतात.

शेड आता स्वतःची आहे, कर्ज फिटत आलंय. दादा दुपारी चक्कर मारतात आणि डायल गेजचा काटा बघितल्याशिवाय चहा घेत नाहीत. फायब्रायझरच्या मोटरी अजून दोन-तीन कारखान्यांतून येतात. ऑफ सिझनमध्ये पाठवा, हंगामाची पहिली मोळी टाकायच्या आधी सगळ्यांनाच घाई असते.

चौकशीसाठी फोन करणार असाल तर शाफ्टचा व्यास, फेऱ्या, व्होल्टेज, प्रत्येक सर्किटचा करंट आणि सिग्नल असतील तर कुठले, एवढं हाताशी ठेवा. जुनी रिंग काढली असेल तर ती साफ करू नका, आहे तशी पिशवीत घालून आणा. झीज कुठे आहे, भुकटी कुठे साचली आहे, हे आम्हाला तिच्यावरच वाचायचं असतं. आणि यंत्राचा फोटो पाठवताना रिंगचा जवळून एक काढा, पण न फिरणारा भाग कशाला बांधलाय तो कोपरा त्यात यायला हवा.